पिवळ्या पानावरचं बोट

मंडपात एकशे बारा माणसं होती. चौरंगावर दोन तांबे, एक स्टीलचा, एक पितळी. मधे एक जाडजूड पुस्तक. त्यात इतिहासातल्या खुनी बायकांची छत्तीस रंगीत चित्रं, कुणाच्या हाती विषाचा पेला, कुणाच्या हाती कुऱ्हाड. पस्तीस पानं पांढरी, एक पिवळं. शिवणीशी तीन पानं फाडल्याच्या कडा. रसायनशास्त्र शिकलेल्या हेमालीने हे दोनदा मोजलं.

"ह्यो ग्रंथ हिमालयात प्रकटला!" रतनबुवा गरजला. "जगातल्या समद्या नवरेखाऊ बायका ह्यात कैद हायत. पापिणीचं बोट लागलं की पान रक्त ओकतं!"

ग्रंथाच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला इंग्रजीत लिहिलेलं होतं, 'लाडक्या पिंकीला, वाढदिवसानिमित्त'. अलिबागकडच्या कुठल्याशा बंगल्यातून रद्दीत गेलेलं पुस्तक.

समोर उभी होती हेमालीची शेजारीण, नीराबाई. तिचा नवरा महिन्यापूर्वी होडीवरच छातीत कळ येऊन गेला होता. दीर तुकारामचं म्हणणं, हिनेच डब्यात काहीतरी कालवलं. पान लाल झालं तर नीराबाईने गाव सोडायचं आणि होडी तुकारामने घ्यायची, असं ठरलं होतं.

पाच सवाशिणींनी स्टीलच्या तांब्यातून हात धुतले आणि पिवळ्या पानावर बोट टेकवलं. काही झालं नाही. नीराबाई पुढे आली तसा बुवाने पितळी तांब्या सरकवला.

"विधवेचं पानी येगलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गावात हेच चालत आलेलं.

नीराबाईचं ओलं बोट पानाला लागलं आणि लालभडक ठसा उमटला.

"खाल्लंस माझ्या भावाला!" तुकाराम ओरडला. कालच नीराबाईसोबत एकाच दोरीवर बोंबील वाळत घालणारी मनुबाई दोन पावलं मागे सरली. चित्रातल्या बायका कधीच मेल्या होत्या. हेमालीला किळस आली ती भोवतालच्या चेहऱ्यांवरच्या समाधानाची.

"बुवा, आधी किती गावांत पापिणी सापडल्या?" तिने विचारलं.

"तीन गावांत तीन!"

"तिघी विधवा?"

"नवरा खाल्ला म्हंजे विधवाच की गो पोरी!" मंडप हसला.

"फाडलेली पानंही तीनच. तुकारामकाका, आता तुम्ही पितळी तांब्यातून हात धुवा."

"मी कशाला? मी बाप्या मानूस हाय!"

"घाबरतोस काय रं?" मनुबाई म्हणाली. "आमी न्हाय बोट लावलं?"

तुकारामने हात धुतले, बोट टेकवलं. नीराबाईच्या ठशाशेजारी तसाच लाल ठसा.

"पानाला हळद चोळलीय," हेमाली म्हणाली, "आणि पितळी तांब्यात धुण्याचा सोडा आहे. हळदीचा डाग साबणाने धुताना लाल होतो, ते तुम्ही रोज बघता. इथे त्यालाच रक्त म्हणालात. नीराबाईचे यजमान कशाने गेले ते डॉक्टरला विचारा. संशय असेल तर पोलीस आहेत. पण एकीला वेगळ्या तांब्यातलं पाणी द्यायचं आणि मग तिलाच वेगळी ठरवायचं, याला न्याय म्हणू नका. आता प्रत्येकाने स्वतः करून बघा."

बुवा पुस्तक मिटायला गेला. मनुबाईने त्याचा हात धरून पितळी तांब्यात बुडवला.

पितळी तांब्यातून हात धुतलेले : नऊ. लाल ठसे : नऊ, त्यात एक बुवाचा. दुसरा हात स्टीलच्या तांब्यातून धुतलेली नीराबाई : ठसा नाही.