रांग आहे, जमाव नाही

हॅथर्सबीच्या बाजारचौकात दगडी क्रूस आहे आणि त्याला पायऱ्या आहेत. सगळ्यांत वरच्या पायरीवर दर शनिवारी अकरा ते बारा एनिड ओल्डरॉइड पाटी घेऊन उभी राहायची. पाटीवर लिहिलेलं असायचं, ‘माझा चेहरा माझा आहे.’ चौकाच्या कोपऱ्यावर पोलिसांची पांढरी गाडी उभी असते. तिच्यावरचा कॅमेरा येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे टिपतो. ते एनिडला मान्य नव्हतं. कोबी घ्यायला आलेली बाई काही संशयित नव्हे, आणि मला कोण बघतंय ते मला माहीत असायला हवं, असं तिचं म्हणणं.

तिच्या नवऱ्याचं, विल्फचं म्हणणं बरोबर उलट. आपण काही केलेलं नाही, तर घाबरायचं कशाला? तिचा तो तास तो समोरच्या चहाच्या दुकानात, खिडकीतल्या टेबलाशी पेपर वाचत काढायचा. बारा वाजले की पाटी काखेत मारून दोघं घरी निघायची. वाटेत भांडण व्हायचं, आणि बटाटे उकडेपर्यंत ते मिटायचं.

मार्चमध्ये एनिड गेली. घरात भांडायला कोणी उरलं नाही. विल्फला आपलीच मतं आता बेचव लागायला लागली होती. मग त्यानं ठरवलं की एक शनिवार तिच्या पायरीवर पाटी घेऊन उभं राहायचं, आणि बाराचे टोल पडेपर्यंत खाली उतरायचं नाही. मत बदललं होतं असं नाही. इतकी वर्षं ती तिथून काय बघत होती, ते त्याला एकदा बघायचं होतं.

अडचण होती ती साडूची. लाइल हा एनिडच्या धाकट्या बहिणीचा नवरा, मूळचा अमेरिकेतल्या ओहायोचा, निवृत्तीनंतर हॅथर्सबीला येऊन राहिलेला. नागरिकांच्या हक्कांवर बोलायला लागला की त्याचा चहा गार व्हायचा. इंग्रजांना हक्क म्हणजे शेजाऱ्याची शिडी वाटते, असं तो म्हणायचा. विचारून घेतात, वर आभार मानतात आणि वेळेत परत करतात. त्यावर विल्फचं उत्तर ठरलेलं. तुमचे हक्क कागदावर आहेत खरे, पण पोलिसानं गाडी अडवली की तुम्ही दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून देवाचं नाव घेता. आमचा पोलीस फार तर गार वाऱ्यात बोलत उभं करून सर्दी देईल.

लाइलला विल्फचा बेत कळला तसा तोही निघाला. विल्फनं त्याला निक्षून बजावलं की येऊ नकोस. नगरपालिकेचा हुकूम होता. चौकात पाटी घेऊन एकटा माणूस उभा राहिला तर चालेल, पण बरोबर दुसरा असला की तो जमाव, आणि जमावाला परवानगी लागते. एनिड त्यासाठीच एकटी उभी राहायची.

शनिवारी अकराला विल्फ पायरीवर चढला. गार वारा होता. पाटी वाटली होती त्यापेक्षा जड निघाली. जरा वेळानं मागे खोकला ऐकू आला. लाइल खालच्या पायरीवर उभा होता.

“जा इथून,” विल्फ मागे न बघता म्हणाला.

“माझी मेव्हणी होती ती. आणि हा रस्ता सगळ्यांचा आहे.”

तेवढ्यात पांढऱ्या गाडीपाशी उभी असलेली कॉन्स्टेबल बेथन प्यू चालत आली. एनिड पूर्वी शाळेत जेवण वाढायची, तेव्हा ही पोरगी तिच्याकडून कस्टर्ड दोनदा घ्यायची. आता टोपी घालून समोर उभी राहिली तर तिलाच अवघडल्यासारखं झालं.

“मिस्टर ओल्डरॉइड, तुम्ही एकटे असता तर मी आलेच नसते. पण हे दोघं झाले.”

“तो माझ्याबरोबर नाही, पोरी.”

“आहे मी,” लाइल म्हणाला, आणि त्यानं आपल्या देशाची घटना, बोलण्याचा आणि जमण्याचा हक्क देणाऱ्या पहिल्या दुरुस्तीपासून, सांगायला सुरुवात केली. बेथननं शांतपणे ऐकून घेतलं आणि ती म्हणाली की ती दुरुस्ती हॅथर्सबीत अजून पोचलेली नाही, तेव्हा दोघांनाही आता पायरी सोडावी लागेल.

विल्फनं घड्याळाकडे पाहिलं. निम्मा तासही झाला नव्हता. त्याचा चेहरा उतरला. खाली उतरायला त्यानं पाय उचललाही होता.

तेवढ्यात चाकांची पिशवी ओढत मिसेस हेपवर्थ आल्या. एक माणूस स्थिर उभा, त्याच्या मागे दुसरा उभा. एवढं दिसलं आणि त्या मुकाट्यानं लाइलच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

“रांगेचा शेवट इथेच ना?” त्यांनी विचारलं.

लाइल अमेरिकन. तो सांगायलाच निघाला होता की बाई, ही रांग नाही. विल्फनं त्याच्या आधी तोंड उघडलं.

“इथेच. या.”

मग हॅथर्सबीत नेहमी जे होतं तेच झालं. मिसेस हेपवर्थांच्या मागे पेन्शनवाला एक जण आला, त्याच्या मागे बाबागाडीवाली बाई, मग बेकरीतून पाव घेऊन निघालेलं जोडपं. कशासाठी उभे आहोत ते कोणी विचारलं नाही. आधीच्यांना माहीत असणार, आणि विचारणं बरं दिसत नाही. एक दाढीवाला मधेच घुसू पाहत होता, त्याच्याकडे सगळ्यांनी अशी नजर टाकली की तो माफी मागून शेवटी गेला.

बेथन रांगेच्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. वायरलेसवर वरिष्ठ विचारत होते की क्रूसापाशी जमाव जमलाय का.

“जमाव नाही, सर. रांग आहे.”

“कशाची?”

“पुढे सरकली की कळेल, सर.” आणि ती गाडीकडे निघून गेली. रांग मोडायला सांगण्याची तिची छाती नव्हती. तिलाही याच गावात राहायचं होतं.

“तीनशे वर्षांत तुम्हाला एक हक्क नीट मिळवता आला,” लाइल पुटपुटला, “रांगेत उभं राहण्याचा.”

“बोलू नकोस. सरळ उभा राहा.”

आता कुठे विल्फला समोर बघायला सवड मिळाली. भाजीचे गाळे, पांढरी गाडी, आणि बरोबर नाकासमोर चहाच्या दुकानाची खिडकी. त्याचं टेबल रिकामं होतं. टेबलावरचं साखरेचं भांडं, त्यातला चमचासुद्धा इथून स्वच्छ दिसत होता.

डॉक्टरांनी त्याची साखर बंद केली होती. तरी शनिवारी जेवताना एनिड सहज म्हणायची, आज दोन चमचे घातलेस. ती अंदाजानं ठोकून देते असं त्याला वाटायचं. कॅमेऱ्यांच्या नावानं बोटं मोडणारी ही बाई दर शनिवारी तासभर आपल्यावरच नजर ठेवून होती. विल्फला हसू फुटलं. मग त्यानं रुमाल काढला. वारा गार आहे, असं तो लाइलला म्हणाला.

बाराचे टोल पडले. विल्फनं पाटी लाइलच्या हातात दिली आणि खाली उतरला. रांग एक पायरी पुढे सरकली. मिसेस हेपवर्थ पाटी वाचून विचारात पडल्या, पण नंबर लागला होता, तेव्हा आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

विल्फ दुकानात जाऊन आपल्या टेबलाशी बसला. चहा आला. त्यानं एक चमचा साखर घातली. मग खुर्ची नीट खिडकीकडे वळवली आणि दुसरा चमचा उघड उघड घातला.