झिरा

सुनेला सातवा महिना लागला तेव्हा मी मिल्टन कीन्समधल्या कम्युनिटी सेंटरचा हॉल घेतला, चाळीस बायका जमवल्या आणि दणक्यात डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, तीन प्रकारचे भात, झाकलेल्या वाट्या, सगळं रीतसर. वैभवीने वाटी उघडली, बर्फी निघाली, बायकांनी "मुलगी, मुलगी!" म्हणून हॉल डोक्यावर घेतला. ती हसली. जेवली मात्र दोन घास. चाळीस बायकांच्या गलक्यातही मला ते दिसलं.

भांडी आवरताना मी तिला म्हटलं, "हे बघ, हे सगळं आम्हाला हवं होतं म्हणून झालं. आता तुला काय हवंय ते सांग. चिंचा, आवळे, भेळ, काहीही."

"नदीत चालायचंय, आई," ती म्हणाली. आणि टेबल पुसायला लागली.

आता जरा मागचं सांगते, म्हणजे माझा जीव कशात अडकला होता ते कळेल. समर माझा मुलगा, इथेच जन्मला. वैभवी नागपूरची, नोकरीसाठी आलेली, लग्नाला दोन वर्षं झाली. बाळंतपणाला तिची आई येणार होती. जुलैत त्या अंगणात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. विमानाने येण्याचा प्रश्नच उरला नाही. वैभवीच्या फ्रिजवर हॉस्पिटलचा एक कागद लावलेला असतो, प्रसूतीच्या वेळी सोबत कोण, त्याचा. दोन ओळी. पहिलीत समर. दुसरीत आईचं नाव लिहून खोडलेलं, आणि त्यापुढे काहीच नाही.

त्या जागी मला माझं नाव हवं होतं. लपवायचं काय त्यात? समरच्या वेळी माझा नवरा अजय एम-वन हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकला होता आणि मी नऊ तास एका अनोळखी इंग्रज मिडवाइफचा हात धरून काढले. बाई फार चांगली होती. पण मी "आई गं" म्हणून ओरडले की ती पाणी आणून द्यायची. आपल्या घरातल्या मुलीवर ती वेळ यायला नको, एवढंच माझ्या मनात होतं. एकदा न राहवून विचारलंही, "सोबत आणखी कोणी हवंय का गं?" तर म्हणाली, "आई नाही तर कोणी नको." संपलं बोलणं. त्यानंतर तीन आठवडे मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. मला ओळखणाऱ्यांना विचारा, हे केवढं दिव्य होतं.

तर नदी. मी लगेच कामाला लागले. समरला फोटो शोधायला बसवलं आणि त्याने डर्बीशायरमधली लॅथकिल डेल नावाची दरी काढली. काय फोटो होते! दोन्ही बाजूंना पांढऱ्या दगडांचे कडे, मधून काचेसारखं पाणी, छोटासा धबधबा. मिडवाइफला चालण्याबद्दल दोनदा विचारून घेतलं. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आम्ही निघालो. टॉवेल चार, मोज्यांचे जास्तीचे जोड सहा, घडीची खुर्ची, दशम्या, चटणी, दही, भरली वांगी, आणि हॉलमध्ये राहिलेली बर्फी. अजयने सॅक उचलून पाहिली आणि म्हणाला, "सुचेता, आपण संध्याकाळी परत येणार आहोत ना?"

"उचल तू," मी म्हटलं.

मोन्यॅश नावाच्या खेड्यात गाडी लावली. कुरणं ओलांडली, आणि जमीन एकदम खाली गेली. दरी अरुंद झाली, कडे जवळ आले, पायाखाली गुळगुळीत दगडांचा नुसता खच. मी सगळ्यांच्या पुढे. अर्धा तास झाला, पाऊण झाला, एक गुहा आली. फोटोत याच गुहेतून नदी बाहेर पडत होती. मी वाकून पाहिलं. आत अंधार, बाहेर वाळलेलं शेवाळ. खाली नदीचं पात्र ठणठणीत कोरडं. पाण्याचा थेंब नाही.

"समर! नदी कुठाय?"

"सीझनल आहे, आई. विंटरमध्ये येते."

"मग फोटो?"

"फोटो फेब्रुवारीचा होता, आय थिंक." त्याने फोन पाहिला. "यस. फेब्रुवारीचा."

मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. मुलीने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं, दोन-अडीच तास गाडीत कंबर मोडून घेतली, आणि हा घेऊन आला तिला दगडांत! अजय लांब जाऊन कड्याचा फोटो काढायला लागला. मी तापले की त्याला नेहमीच निसर्ग आठवतो. मला तर रडूच येत होतं.

तेवढ्यात मागून हसणं ऐकू आलं. वैभवी पात्रात उतरली होती. बूट हातात, दोन्ही तळवे उन्हाने तापलेल्या दगडावर, आणि खो खो हसत होती. जुलैपासून मी तो आवाज ऐकला नव्हता.

"अवं बाप्पा! आई, तुम्ही काऊन भांडून राहिल्या त्याच्याशी? हेच तर पाहिजे होतं मले!" ती उत्साहात आली की तिचं नागपूर बाहेर पडतं.

"हे? हे दगड?"

"नदीत चालायचं म्हटलं होतं मी. पाण्यात चालायचं कुठं म्हटलं?" मग जरा शांतपणे म्हणाली, "उन्हाळ्यात आमच्या मामाच्या गावचा नाला असाच असतो, उमरेडच्या पलीकडे. शाळेला सुट्टी लागली की आई आणि मी त्याच्यातूनच जायचो. रस्त्यापेक्षा बरा. वर दोन्हीकडे झाडं, सावली."

पुण्यात वाढलेल्या मला नदी म्हणजे पाणी, एवढंच ठाऊक. तिला विचारायचं सुचलंच नाही. मी आपली टॉवेल भरत बसले.

मग आम्ही पात्रातूनच खाली निघालो. आता ती पुढे, बूट परत घालून. सात महिन्यांचं पोट घेऊन ती अशी चालत होती की बघत राहावं. दगडाला आधी पाय लावून बघायची, मग भार टाकायची. आणि मी, तिला धरायला म्हणून मागे लागलेली, दुसऱ्याच वळणावर सटकन घसरले. तिने माझं मनगट पकडलं.

"काळ्या दगडावर नको, आई. पांढऱ्यावर पाय ठेवा. माझ्या मागोमाग या."

आले. मुकाट्याने.

थोडं खाली पात्र वळतं. तिथे कड्याची सावली होती आणि दगडांऐवजी बारीक खडी. वैभवी थांबली. बूट काढून पावलाने खडी चाचपली. "इथं थंड आहे," म्हणाली. "इथं झिरा निघेल."

"काय निघेल?"

"झिरा. कोरड्या नाल्यात बायका हाताने खड्डा करतात. खाली पाणी असतंच, ते झिरपून येतं. आई खोदायची आणि मी गुंड, म्हणजे पाण्याची कळशी, धरून बसायची." तिने पोटावर हात ठेवला. "मला आता वाकता नाही येत."

समर पुढे झाला. मी त्याला हाताने बाजूला केलं. पेढा-बर्फीची स्टीलची वाटी डब्यांत आलीच होती, ती घेतली आणि खडीत फतकल मारून बसले. एकसष्ट वर्षांची बाई, गुडघे कुरकुरतायत, नखांत माती, आणि खणतेय. वीतभर गेले, काही नाही. कोपरभर गेले. खडी काळी झाली, ओली झाली, आणि खड्ड्याच्या तळाशी चहाच्या रंगाचं पाणी जमलं. मी लहान पोरीसारखी ओरडले, "आलं! अगं, आलं!"

"ते काढून टाका. गढूळ आहे."

काढलं. पुन्हा भरलं. पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा मी वाटी घालणार तोच ती म्हणाली, "आता हात बाहेर. बसायचं नुसतं. हात घातला की परत गढूळ होतं."

आता नुसतं बसणं हे काही माझं काम नाही. शिजणाऱ्या भाताचं झाकण मी चारदा उचलते. काउन्सिलमध्ये नोकरीला असताना माझा मॅनेजर म्हणायचा, सुचेताला लिफ्टचं बटण एकदाच दाबता येत नाही. माझा हात दोनदा पुढे गेला, एक काडी तरंगत होती ती काढायला. दोन्हीदा मागे घेतला. शेवटी हात पाठीमागे बांधून बसले. अजयसुद्धा येऊन बसला. दहा मिनिटं गेली असतील. माती हळूहळू तळाला बसली आणि पाणी इतकं स्वच्छ झालं की खालची एकेक खडी मोजून घ्यावी.

"पिऊ नकोस हं!" मी म्हटलंच. "वर मेंढ्या आहेत!"

"नाही पीत हो." तिने समरचा हात धरून कसंबसं वाकून बोटं बुडवली, डोळ्यांना लावली, मग पोटाला लावली. डोळे भरून आले तिचे. माझेही आले. मी काही पुसायला गेले नाही, तिचेही नाही आणि माझेही नाहीत.

मग आम्ही तिथेच डबे उघडले. वैभवीने चार दशम्या खाल्ल्या, दोन वांगी, आणि माझ्या वाटणीचं दही. मी मनातल्या मनात मोजत होते.

निघताना मी खड्डा बुजवायला लागले. लोकांची जागा, होती तशी करून जावी. ती म्हणाली, "गावाकडं बुजवत नाहीत. मागून येणाऱ्याला उपयोगी होतो." तेवढ्यात एक म्हातारं जोडपं वरून आलं, त्यांचा कुत्रा धावत येऊन तोंड घालून सगळं पाणी पिऊन गेला, आणि मालकीणबाई आम्हाला सॉरी सॉरी म्हणत राहिल्या. वैभवी पुन्हा हसायला लागली. कुत्र्याचं झाल्यावर मग मी बुजवला.

चढावर समर आणि अजय सॅक घेऊन पुढे गेले. आम्ही दोघी मागे, दम घेत.

"आई," ती म्हणाली, "त्या कागदावर दुसरी ओळ आहे ना, तिच्यावर तुमचं नाव लिहू का?"

माझा पाय जागच्या जागी थांबला. "तू तर म्हणाली होतीस, कोणी नको."

"भीती वाटायची. तुम्ही आत आल्या की मिडवाइफला काम शिकवाल, डॉक्टरला शिकवाल, मला शिकवाल." ती खाली दरीकडे बघत होती. "आज तुम्ही दहा मिनिटं हात मागे बांधून बसल्या. मला तेवढंच पाहिजे. जवळ बसा, आणि हात घालू नका."

मला खूप काही म्हणायचं होतं. नऊ तास, एम-वन, ती मिडवाइफ, सगळं ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"बसेन," मी म्हटलं.

तिने माझा हात धरला, नखांत माती होती तोच, आणि आम्ही पांढऱ्या दगडांवर पाय ठेवत वर निघालो.