चहाकाकांचे चार ग्लास

तुझं काम काय असं कुणी विचारलं, की बारटेंडर म्हणायचा, "लोकांच्या खोडी सांभाळणं." आणि ते काही खोटं नव्हतं. दारू काय, ग्लासात कुणीही ओततो. पण वकीलबाईंना बर्फाचे तीनच तुकडे लागतात, चौथा पडला तर त्या तो चमच्याने काढून बशीत ठेवतात. दाताच्या डॉक्टरांना ग्लासच्या काठाला साखर लावलेली खपत नाही, आत मात्र दोन चमचे जास्तच हवी. दोन जुळे भाऊ येतात, त्यांतल्या एकाला शेकरमध्ये चांगलं खळखळवलेलं लागतं, दुसऱ्याला नुसतं ढवळलेलं, आणि चुकून अदलाबदल झाली तर दोघेही रुसून बसतात. हे सगळं डोक्यात ठेवणं येरागबाळ्याचं काम नव्हे. त्याची त्यात बावीस वर्षं गेली होती. गिऱ्हाईक खुर्चीला टेकायच्या आत त्याचा हात बरोबर त्या बाटलीकडे जायचा. लोक त्याला उस्ताद म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं.

या सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक एकच, चहाकाका. चहाच्या कंपनीत पस्तीस वर्षं त्यांनी नुसता चहा चाखला होता. लांबलचक टेबलावर वाट्या मांडलेल्या असायच्या. चमचाभर घ्यायचा, सुर्रकन ओढायचा, तोंडात फिरवून थुंकायचा आणि सांगायचं, हा चालेल, हा नको. त्यांच्या एका 'नको'वर पोतीच्या पोती परत जायची. निवृत्त झाल्यावर त्या जिभेला काहीतरी काम हवं होतं. ते तिला उस्तादाच्या काउंटरवर मिळालं.

रोज संध्याकाळी सहाला ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर हजर. जिन, ताज्या लिंबाचा रस, साखरेचा पाक अर्धाच चमचा, बिटर्स या कडू अर्काचे तीन थेंब, आणि वरून लिंबाची साल पिळायची. साल ग्लासात टाकायची नाही, टाकली तर ग्लास परत. असे चार ग्लास, मग आठला घरी. पाच वर्षांपूर्वी, पहिले पंधरा दिवस, रोज काहीतरी बिनसायचं. पाक जास्त झाला, लिंबू सकाळीच कापून ठेवलेलं दिसतंय. मग एका संध्याकाळी पहिला घोट सुर्रकन ओढून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "वा, जमलंय." दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादाने ते बायकोला दोनदा सांगितलं. तिने दोन्ही वेळा चहाच पुढे केला, पण ते सोडा.

गेल्या वर्षी एका दुपारी काकांची थोरली मुलगी आली. खुर्चीवर बसलीच नाही, उभ्या उभ्याच बोलली.

"डॉक्टरांनी बाबांच्या लिव्हरपुढे हात टेकलेत. पिणं बंद करा म्हटलं, की बाबा ताटावरून उठतात. आई असती तर गोष्ट वेगळी होती. तुम्ही एवढं करा, थोडं थोडं कमी करत न्या. त्यांना कळू देऊ नका."

"अहो ताई, त्यांना कळणार नाही? त्यांच्या जिभेला?"

"करून तर बघा."

'त्यांनाच विचारा' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण उस्तादाला काकांची काळजी होती, हे एक. आणि दुसरं, जे त्याने पुढे स्वतःशी कबूल केलं, ते असं, की त्या जिभेला फसवता येतं का हे बघायची त्याला खुमखुमी आली होती.

त्याने आधी चौथ्या ग्लासातली जिन घटवली, मग तिसऱ्यातली. घशाला चटका बसावा म्हणून आल्याचा रस घातला. चार महिन्यांत ही वेळ आली, की चारही ग्लासांत जिन औषधालाही नव्हती. काठावरून जिनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवायचा, एवढंच. काका सुर्रकन ओढायचे, डोळे मिटायचे, म्हणायचे, "वा, जमलंय." पहिल्यांदा उस्तादाला हसू आलं. मग एका संध्याकाळी एकदम वाईट वाटलं. म्हणजे जीभ गेली की काकांची! पस्तीस वर्षांची जीभ गेली आणि त्यांना पत्ताच नाही.

वाईट वाटलं म्हणून तो त्यांना जास्तच चढवायला लागला. काका छाती पुढे काढून शेजारच्याला सांगायचे, "चार झाले, बघा! सरळ रेषेत चालत घरी जातो." उस्ताद म्हणायचा, "काकांसारखा पचवणारा माणूस बावीस वर्षांत बघितला नाही." लिंबूसरबत पचवायला काय लागतं? पण काकांनी ते मनावर घेतलं.

असे दहा महिने गेले आणि धाकटीचं लग्न ठरलं. रिसेप्शन भर दुपारी, एका हॉलमध्ये, आणि पिणं दुसऱ्याच बारटेंडरच्या हातचं. उस्तादाला आमंत्रण होतं, पण त्या दिवशी बार सोडता आला नाही. थोरलीच्या आणि त्याच्या, दोघांच्याही डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही. दहा महिने ज्याच्या पोटात थेंब गेलेला नाही, त्याला चार ग्लास काय करतील? काकांनी चौघांत सांगितलं, "चारने मला काही होत नाही," आणि चार घेतले. मग माइक हातात घेतला. धाकटीने या मुलाचा फोटो आधी नापसंत केला होता, कान बघून, हे त्यांनी अख्ख्या हॉलला सांगितलं. हॉल हसला. तेवढ्यावर थांबते तर निभावलं असतं. पण त्यांनी व्याह्यांकडे बोट करून सांगितलं, की कानांचा उगम इथे आहे. मग बसायला गेले, खुर्ची जिथे नव्हती तिथे बसले आणि जाताना टेबलक्लॉथसकट केक खाली घेऊन आले.

नवव्या दिवशी दुपारी, बार उघडायच्या आधी, काका आले. दाढी वाढलेली. उस्ताद लिंबं कापत होता.

"उस्ताद, चल माझ्याबरोबर."

"कुठे काका?"

"धाकटीकडे. ती फोन घेत नाही. दारुड्या बापाचं तोंड बघायचं नाही असा निरोप आलाय. तू सांग तिला. तू रोज बघतोस. चार ग्लासांनी कधी तोल गेला माझा? कधी वेडंवाकडं बोललो? त्या हॉलवाल्यांनी काहीतरी भलतंच घातलं असणार."

हॉलवाल्यांनी भलतं काही घातलं नव्हतं. जे घालायचं तेच घातलं होतं. उस्तादाच्या हातातली सुरी थांबली. आदल्याच दिवशी थोरलीने फोनवर रडत रडत बजावलं होतं, बाबांना कळू देऊ नका, जिभेचं कळलं तर ते खचतील. बोललं तर काकांची जीभ जाते, गप्प बसलं तर काकांची मुलगी जाते. तो इकडे आड तिकडे विहीर असा सापडला होता, आणि दोन्ही त्यानेच खणलेली.

"वय झालं की होतं असं, काका," तो म्हणाला.

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे तूही मला दारुडाच म्हणतोस."

हे मात्र त्याला सोसवलं नाही. त्याने सगळं सांगितलं. थोरली, आल्याचा रस, काठावरचा बोळा, दहा महिने. सांगताना त्याने मान वर केली नाही. रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

"काका, जिभेचं मनाला लावून घेऊ नका," उस्ताद घाईघाईने म्हणाला. "मी करायचोच इतकं बेमालूम, की कुणालाच..."

"जिभेचं मला सांगू नकोस. ती गेली त्याला दोन वर्षं झाली. सकाळचा चहा मला गरम पाणी लागतो. मुलींना सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. लाज वाटते."

"मग रोज जमलंय म्हणायचात ते?"

"चव कुठली कळायला? नुसता चटका बसायचा. उस्तादाने केलंय म्हणजे बरोबरच असणार, म्हणून म्हणायचो जमलंय. तुझ्या हातावर म्हणायचो रे."

माफ करा, असं काहीतरी उस्ताद पुटपुटला. ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

"चल," काका उठत म्हणाले. "हेच धाकटीला सांग. थोरलीचं नाव घेऊ नकोस, एकीशी भांडण आहे तेवढं पुरे."

त्याने ते सांगितलं. धाकटीच्या बैठकीच्या खोलीत, नव्या सोफ्याच्या कडेला बसून, नव्या जावयासमोर सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला. धाकटी त्याला ताडताड बोलली, मग बापाच्या गळ्यात पडून रडली. जावई आपल्या कानाला हात लावून म्हणाला, "बाबा, केक तसाही कोरडाच होता." बापलेकीचं जुळलं. उस्ताद एकटाच जिना उतरला. त्याला दारापर्यंत सोडायला कुणी आलं नाही, आणि का यावं?

पुढे दीड महिना कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. दुसऱ्या कुणी बसायला गेलं, की उस्ताद तिचा पाय मोडलाय म्हणून सांगायचा.

मग एका संध्याकाळी बरोबर सहाला काका आले. दाढी केलेली, तब्येत जरा सुधारलेली. उस्तादाला एवढा आनंद झाला, की सवयीने त्याचा हात लिंबाकडे गेला.

"ते नको," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मुली म्हणतात घरात बसून राहू नका, म्हणून आलो. सोडा दे."

"आत्ता देतो. बर्फ घालू? लिंबू पिळू थोडं?"

"काही नको. बाटली बंदच आण, झाकण मी उघडीन."

उस्तादाने थंड बाटली आणली, ती पुसली आणि ओपनरसह त्यांच्यासमोर ठेवली.