मसाल्याची वेबसाइट आणि तिचे तीन मालक

आमच्या कॉलेजात वेबसाइट वहीवर बनवायला शिकवतात. चेष्टा करत नाहीये. वेब डिझाइनच्या तासाला उर्मिला मॅडम फळ्यावर कोड लिहायच्या, आम्ही तो निळ्या पेनाने जर्नलमध्ये उतरवायचा आणि तो स्क्रीनवर कसा दिसेल त्याचं समोरच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने चित्र काढायचं. बटणासाठी पट्टीने चौकोन, लिंकच्या खाली रेघ. माझे चौकोन सरळ यायचे म्हणून परीक्षेच्या आधी माझं जर्नल सगळ्या वर्गात फिरून यायचं.

लॅब होती की. कॉम्प्युटरही होते, पण त्यातले निम्मे गणपतीच्या देखाव्यासारखे, नुसते बघायला. चालणाऱ्यांच्या पुढ्यात तिघं तिघं बसायचे. एक टाइप करायचा, दुसरा चुका काढायचा, तिसरा मोबाइल बघायचा. मी एकदा मॅडमना विचारलं, "हेच पान फोनवर उघडलं की सगळं इकडेतिकडे पळतं. काय करायचं?" मॅडम म्हणाल्या, "ते सिलॅबसमध्ये नाहीये, निशिगंधा." बाई वाईट नव्हत्या. दोन कॉलेजांत तासांवर शिकवायच्या, इथला तास संपला की धावत रिक्षा पकडायच्या. त्यांनी स्वतः आयुष्यात एक तरी वेबसाइट बनवली होती की नाही, देव जाणे.

मी बनवली. फोनवर व्हिडिओ बघून, चुलतभावाचा जुना लॅपटॉप मागून आणून, पेणकरपाड्याच्या आमच्या घरात, आईच्या मिरच्यांच्या पोत्यांना टेकून. माझी आई द्वारका उन्हाळ्यात आगरी मसाला करते. मिरच्या वाळवते, देठं खुडते, खडा मसाला भाजते, डंकावर नेऊन कुटून आणते. वेबसाइट तिच्याच मसाल्याची केली. तिला ओट्यावर बसवून मिरच्या निवडताना फोटो काढला. ती आधी लाजली, मग आत जाऊन लुगडं बदलून आली.

"मना काय समजतंय गो त्यातला?" फोन लांब धरून ती म्हणाली. "पन मी बरी दिसतंय."

वेबसाइटवर ऑर्डरचं बटण होतं. ते दाबून नाव आणि किती किलो ते लिहिलं की आईच्या फोनवर निरोप यायचा. हे बटण चालू होईपर्यंत माझा जीव अर्धा झाला होता. ज्या दिवशी चाललं त्या दिवशी मी घरात एकटीच नाचले, खोटं कशाला बोलू.

आता त्यात अडकलं काय होतं ते सांगते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा झाली की दोन दिवसांनी एक वेबसाइट बनवणारी कंपनी कॉलेजात मुलं निवडायला येणार होती. मॅडमनी वर्गात सांगितलं होतं की ते लोक मार्क बघत नाहीत, प्रोजेक्ट बघतात. वर्गातली बाकी मुलं हिरमुसली. मला मात्र पहिल्यांदा वाटलं, की अरे, हे आपल्यासाठी आहे. माझे मार्क यथातथा, इंग्रजी त्याहून यथातथा. पण प्रोजेक्ट खरा होता. वर्गात खरा प्रोजेक्ट असलेली मी एकटीच होते हे मला ठाऊक होतं, कारण बाकीच्यांचे कुठे बनतात तेही मला ठाऊक होतं.

ते बनतात पिंटूकडे. भाईंदर पूर्वेला स्टेशनच्या जवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. वय चाळिशीच्या पुढे, पण सगळ्या कॉलेजांचा तो पिंटूच. लायब्ररी मॅनेजमेंट, हॉटेल बुकिंग, ब्लड बँक, असे तयार प्रोजेक्ट त्याच्याकडे हारीने असतात. नाव बदलायचं, ब्लॅक बुक बांधून घ्यायचं, झालं. ब्लॅक बुक म्हणजे प्रोजेक्टचा काळ्या कव्हरचा, सोनेरी अक्षरांचा जाडजूड ग्रंथ. तो नसेल तर परीक्षेला उभं करत नाहीत. आणि आमच्या कॉलेजचा नियम असा, की त्यात वेबसाइटचा सगळाच्या सगळा कोड छापलेला हवा. कागदावर! चालवून दाखवलेली वेबसाइट नाही चालत, छापलेली चालते.

त्यामुळे ज्याच्याकडून प्रोजेक्ट विकत घेणं मी पाप समजत होते, त्याच पिंटूच्या दारात मीही पेन ड्राइव्ह घेऊन गेले. बांधणी करणारा दुसरा कोण होता? मी फक्त छापायच्या फाइली देत होते.

"पूरा फोल्डर दे दो बेटा," पिंटू म्हणाला. "फॉन्ट हिल जाता है, फोटो कट जाता है. मैं सेट कर दूँगा."

मी दिला. सगळेच देतात. आई ओट्यावर बसलेली, बटण, आईचा नंबर, सगळं त्या फोल्डरमध्ये होतं. पिंटूने स्क्रीनवर एकदा उघडून बघितलं आणि म्हणाला, "बहोत बढिया है." मला वेडीला आनंद झाला.

तोंडी परीक्षेच्या दिवशी हाक हजेरीच्या नंबरप्रमाणे होती. नंबर आडनावाप्रमाणे. मी वैती, म्हणजे शेपटाला. जन्मापासून प्रत्येक रांगेत मी शेवटी असते, त्याची सवय आहे. लॅबच्या बाहेर पॅसेजमध्ये बसून ब्लॅक बुक मांडीवर घेऊन मी इतरांना आत जाताना आणि बाहेर येताना बघत होते. भोईर आत गेला होता. धर्मेश भोईर, गावातलाच, पण आता पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या मोठ्या फ्लॅटमध्ये राहणारा. त्याच्या वडिलांचं नाव कॉलेजच्या वार्षिक समारंभाच्या बॅनरवर दरवर्षी असतं. स्वप्नील नावाच्या मित्राबरोबर त्याने जोडीने प्रोजेक्ट घेतला होता. घेतलाच होता, केला नव्हता.

तेवढ्यात आईचा फोन आला. मला वाटलं, शुभेच्छा द्यायला.

"गो निशी, धा किलोची आर्डर आलीय!" आईचा आवाज वर चढला होता. "कोन ए बी सी नावाचा मानूस हाय. पत्ता न्हाय दिला. एवढ्या मिरच्या आता कुठून आनू? मी संकेश्वरीवाल्याला फोन केलाय, तो बोलतो उद्या देतो."

ए बी सी. दहा किलो. असलं नाव कोण टाकतं ते मला लगेच कळलं. परीक्षकाला बटण चालवून दाखवणारा टाकतो. माझी वेबसाइट तर अजून कोणी उघडलीच नव्हती.

मी उठले आणि सरळ लॅबमध्ये घुसले. भिंतीवरच्या पडद्यावर माझी आई मिरच्या निवडत बसली होती. तिच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'स्पाइस किंग'. शेजारी धर्मेश उभा राहून बाहेरून आलेल्या परीक्षकांना सांगत होता, "सर, ही मॉडेल आहे. फोटो नेटवरून घेतलाय."

"ती माझी आई आहे," मी म्हणाले.

धर्मेशने खरंच मागे वळून पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला माहीत नव्हतं. पिंटूने त्याला नवाकोरा माल म्हणून दिला होता, आणि तो गडी बघतोय कशाला कोणाचा फोटो आहे ते. नंबर बदलायचंही त्याला सुचलं नव्हतं, कारण नंबर कुठे असतो तेच त्याला माहीत नव्हतं.

परीक्षकांनी मला दोन-तीन प्रश्न विचारले. मी सगळं सांगितलं, बटण कसं चालतं, फोटो लहान कसा केला, कुठे चुकले होते. मग त्यांनी धर्मेशला एकच विचारलं. त्याने पायांकडे बघितलं, स्वप्नीलने पंख्याकडे. इतकं स्वच्छ झालं होतं सगळं. मला वाटलं, आता सुटले.

परीक्षकांनी चष्मा पुसला. "एकाच कोडची दोन ब्लॅक बुकं आलीत," ते उर्मिला मॅडमना म्हणाले. "मी तसा शेरा लिहिला तर दोन्ही रद्द होतील, मग चौकशी. तुमच्या कॉलेजचा मामला आहे, तुम्ही मिटवा. मला अजून बरेच बाकी आहेत."

मॅडमनी मला जिन्यापाशी नेलं. बाई घाबरल्या होत्या. दोन्ही प्रोजेक्टवर तपासल्याची सही त्यांचीच होती आणि दोन्ही न बघता केलेली होती.

"हे बघ निशिगंधा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नियमात तिघांचा ग्रुप चालतो. तुम्ही तिघांनी मिळून केलं म्हणून दाखवूया. विषय संपला."

"मी एकटीने केलंय, मॅडम."

"मला माहितीये गं. पण चौकशी लागली की निकाल अडकणार. परवा कंपनी येतेय. अडकलेल्यांना बसताच येणार नाही. मार्क तर तेवढेच मिळणार ना तुला? तुझं काम तुला माहितीये, मग झालं तर."

ज्याच्या घरी चोरी होते त्यालाच वर सामंजस्य दाखवायला सांगतात, हा आपल्याकडचा न्याय. मला त्या बाईंच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. परवा येणारी कंपनी माझ्या डोळ्यांसमोर होती, तिच्यासाठीच तर हे सगळं केलं होतं. एकदा त्यांच्यासमोर बसू दे, मग मी दाखवते, असं मनाला समजावलं आणि हो म्हणाले. चिडून, दात खाऊन, पण हो म्हणाले. ग्रुपमध्ये नावंही हजेरीच्या क्रमाने लागली.

घरी आले तर आई ओट्यावर सुपं मांडून बसली होती. शेजारची काकूही देठं खुडायला आली होती. दहा किलोची ऑर्डर खोटी होती हे सांगायला मला बराच वेळ लागला.

"खोटी? मंग नाव कशाला लिवला?" आईला कळेना. "भोईराचा पोर बोलतेस? त्यांच्या घरी माझाच मसाला जातो गो." मग म्हणाली, "जाऊ दे. गावातला हाय. तुझी नोकरी होऊ दे फकस्त." आणि निवडलेल्या मिरच्या परत पोत्यात भरायला लागली. मी मदतीला हात लावला तर म्हणाली, डोळ्याला लागेल, तू जा अभ्यास कर.

कंपनीचे साहेब आले. तरुण होते, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, वागायला गोड. पुन्हा नंबरप्रमाणे हाका. धर्मेश सकाळीच आत जाऊन आला. मी शेवटी गेले तेव्हा साहेबांसमोरचा चहा थंड झाला होता आणि लॅपटॉपवर माझी वेबसाइट आधीच उघडी होती.

"हां, मसाला," ते हसून म्हणाले. "ही बघितली मी. फार छान काम आहे. आज बघितलेल्यांत सगळ्यात छान."

मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. मी बोलायला तोंड उघडलं.

"धर्मेशने समजावलं सगळं," ते पुढे म्हणाले. "डिझाइन आणि कोडिंग त्या दोघांचं. माहिती आणि फोटो तुमचे ना? घरचाच मसाला आहे म्हणे तुमचा."

"नाही सर. सगळं मी केलंय. एकटीने."

त्यांचं हसू गेलं नाही, पण जरा आखडलं. "पण कॉलेजने तर ग्रुप म्हणून दिलंय. तुम्ही ग्रुपमध्ये होतात ना?"

"हो, पण..."

"तो मुलगा तुमचं कौतुक करत होता. आणि तुम्ही म्हणताय त्यांनी काहीच केलं नाही." त्यांनी लॅपटॉप थोडा स्वतःकडे वळवला. "आमच्याकडे टीममध्ये काम असतं. श्रेय वाटून घेता आलं पाहिजे. राग मानू नका, पहिल्या नोकरीच्या आधी कोणीतरी सांगायला हवं म्हणून सांगतोय."

मी म्हणाले, कोड उघडा, कुठलीही ओळ विचारा. ते म्हणाले, आपण इंजिनियर नाही, ती फेरी निवड झालेल्यांची पुढे होते. मी मॅडमना बोलवा म्हणाले. मॅडम दारातच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हो सर, ग्रुप प्रोजेक्टच आहे."

साहेबांनी मान हलवली. "फोटो मात्र खरंच सुंदर आहेत," ते मला म्हणाले.

संध्याकाळी नाव लागलं. एकच, धर्मेश भोईर. मी गेटकडे निघाले तर तो मागून धावत आला. वाटलं, माफी मागतोय. तयारीत होते मी, काय काय ऐकवायचं ते सगळं तोंडाशी आलं होतं.

"निशी, थांब ना," तो धापा टाकत म्हणाला. "मी तुझं चांगलंच सांगितलं होतं, शप्पथ. ऐक, सोमवारी जॉइनिंग आहे. त्याच्या आधी एकदा बसशील का माझ्यासोबत? ती नवीन फाइल उघडतात ना, त्यात पहिलं काय लिहायचं असतं, तिथून सांग. मला खरंच काय येत नाय यार."

मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. तो चेष्टा करत नव्हता, खरंच विचारत होता.