मस्यू लाँक्री शेवट करत नाहीत

मस्यू ओनेझिम लाँक्री सँ-फिर्मँच्या सणाच्या दिवशी, माँब्रईच्या चर्चमध्ये, ऑर्गनच्या बाकावर बसल्याबसल्या वारले. अख्ख्या गावानं ऐकलं. बिशपसाहेबांनी मृतात्म्यासाठी प्रार्थना म्हटली, मादाम प्रुव्हो रडल्या आणि संगमरवरावर नाव कोरायला त्याच संध्याकाळी सुरुवात झाली.

असो. असं काही झालंच नाही, असं धरून चालू.

लाँक्री हे आमियाँकडच्या एका न्हाव्याचे चिरंजीव. गिऱ्हाईक गप्पांत रंगलं की केस संपले तरी कात्री हवेत चालू ठेवायची, हे बापाचं कसब मुलाच्या बोटांत उतरलं. चर्चच्या ऑर्गनवाल्याचं कामही वेगळं काय असतं? पाद्र्याचा चष्मा सापडेपर्यंत वाजवायचं. दानाची थाळी शेवटच्या रांगेतून परत येईपर्यंत वाजवायचं. समोर कागद नाही, चार सुरांची एक ओळ डोक्यात, आणि तिच्यावर तिथल्या तिथे इमले चढवायचे. पॅरिसला शिकताना लाँक्री यात सगळ्यांच्या पुढे होते. तरी बक्षीस दुसरं मिळालं. परीक्षक म्हणाले, "पोरा, तू दारात उभा राहून निरोप घेणाऱ्या मावशीसारखा वाजवतोस. सातदा निघतोस आणि सातदा परत येऊन छत्री शोधतोस."

तेव्हा ती नुसती खोड होती. भीती नंतर आली.

माँब्रईची जागा रिकामी झाली तेव्हा लाँक्रींची निवड लगेच झाली. एवढ्या मोठ्या ऑर्गनसाठी दुसऱ्या कोणाचा अर्जच कसा आला नाही, याचं त्यांना नवल वाटलं नाही. माणूस तरुणपणी स्वतःच्या गुणांवर फार विश्वास ठेवतो. पहिल्या रविवारी ऑर्गनच्या सज्जाचा जिना चढताना त्यांना भिंतीत संगमरवराच्या चार पाट्या दिसल्या. पहिल्या तिन्हींवर आधीच्या तीन ऑर्गनवादकांची नावं, गेल्याचं वर्ष, आणि प्रत्येकाखाली एकच ओळ: वाजवता वाजवता देवाघरी गेले. चौथी पाटी कोरी होती.

"चारही एकाच खडकातल्या," पाथरवट व्हॅसर अभिमानानं म्हणाला. हा व्हॅसर गायकवृंदात खर्ज गायचा आणि एरवी थडगी घडवायचा. "रंग जुळायला नको? मागाहून आणली असती तर वेगळीच दिसली असती. तुम्हालाच वाईट वाटलं असतं."

बाकीचा खुलासा मादाम प्रुव्होंनी केला. त्या चर्चमधल्या खुर्च्या पुसत आणि कोण कधी गेलं याची आठवण ठेवत.

"पहिले माझ्या आजीच्या वेळचे. मी पाहिले ते दोन. मस्यू लफेव्हर नाताळात गेले. शेवटचा सूर दाबला आणि दाढी पट्ट्यांवर! पण वाजलं होतं हो छान."

"आणि तिसरे?"

"मस्यू कानॉन? त्यांचा पाय, पायानं दाबायच्या पट्ट्यांतल्या सगळ्यात खालच्या सुरावर राहिला. सूर आपला चालूच. आम्ही बसून राहिलो. तुम्हाला माहीत आहे ना आमची रीत?"

ती रीत सगळ्या प्रांताला माहीत होती. इतर गावांत मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपली की ऑर्गन वाजत राहतो आणि लोक गप्पा मारत बाहेर पडतात. माँब्रईत ऑर्गन थांबल्याशिवाय कोणी खुर्ची सोडत नाही. लढाईत छप्पर गळत होतं तेव्हाही सोडली नव्हती.

"आम्हाला वाटलं, नवीन पद्धतीचं संगीत असेल," मादाम प्रुव्हो पुढे म्हणाल्या. "पॅरिसहून येतं ना हल्ली तसलं. दिवेलागणीला व्हॅसर म्हणाला, मला वाटतं हे संपलंय."

"संगीत?"

"तेही."

मादाम प्रुव्हो फडकं झटकत म्हणाल्या, "गंमत बघा, तिघेही शेवटच्या सुरावर गेले. मध्ये कोणीच गेलं नाही. मध्ये मरायला सवड कुठली? मध्ये वाजवायचं असतं."

त्या दिवसापासून लाँक्रींनी चर्चमध्ये शेवट करणं सोडलं.

ते वाजवत. काय वाजवत! ज्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नाही, तेही टोपी मांडीवर घेऊन स्तब्ध बसत. सूर चढत, जमत, घरी परतायला निघत, उंबऱ्यापर्यंत येत, आणि आता येणार, आता येणार, म्हणता म्हणता लाँक्री हात उचलत आणि मोजे घातलेल्या पायांनी जिना उतरून पळून जात. खाली गाव बसलेलं. थांबला का? की श्वास घेतोय? कोणी उठायचं? शेवटी भूक रीतीला हरवी आणि लोक चोरासारखे एकेक करून बाहेर पडत.

"पुन्हा तंगडी जळाली," बायको क्लोतिल्द म्हणे. रविवारची कोकराची तंगडी मिस्साच्या बेतानं भट्टीत ठेवायची असते, आणि बेत लाँक्रींच्या हाती होता.

"मी जिवंत आहे ना?"

"तू आहेस. तंगडीचं बोल."

पण काय सांगावं जगाचं! भीतीतून निघालेली ही खोड जगाला शैली वाटली. पॅरिसच्या एका टीकाकारानं त्यांना 'अपूर्णतेचे आचार्य' म्हटलं. बेल्जियमहून बसगाड्या येऊ लागल्या. तरुण ऑर्गनवाले मुद्दाम मोजे घालून वाजवू लागले. आणि आचार्य दर रविवारी पाचावर धारण बसलेल्या अवस्थेत जिना चढत. कोऱ्या पाटीकडे न बघता वर जात आणि बाकावर बसत. बाकाच्या लाकडात तिघांच्या बसण्यानं खळगा पडला होता. तो त्यांना बरोब्बर बसे. हेच त्यांना सगळ्यात वाईट वाटे.

अशी वर्षं गेली. केस पिकले, गुडघे धरले. आणि मग नवे पाद्री आले, फादर देल्फोस. हे वेळेचे पक्के. त्यांनी आल्याआल्या ऑर्गनला हवा पुरवणाऱ्या विजेच्या भात्याचं बटण सज्जातून काढून खाली आपल्या कपड्यांच्या खोलीत बसवून घेतलं, म्हणजे हवं तेव्हा ऑर्गन बंद करता येईल.

"सँ-फिर्मँच्या सणाला बिशपसाहेब येतायत," त्यांनी लाँक्रींना बोलावून सांगितलं. "मिस्सा झाल्यावर ते तुम्हाला सूर देतील. त्यावर तुम्ही वाजवायचं. आणि शेवट करायचा."

"शेवट... म्हणजे?"

"शेवट म्हणजे शेवट. सगळ्या नळ्या उघडून. बिशपसाहेबांना अर्धवट काही चालत नाही. त्यांनी ताटात चीज टाकलेलं मी पाहिलं नाही."

"फादर, माझी तब्येत..."

"शेवट केला नाहीत, तर दुसऱ्या दिवशी ऑर्गनला कुलूप. किल्ली माझ्याकडे. मग घरी बसून शिट्टी वाजवा."

"मग मी राजीनामा देतो."

"राजीनामा?" फादर खरोखरच बुचकळ्यात पडले. "हे पद तहहयात आहे, मस्यू लाँक्री. तुमच्याआधी कोणी दिला होता का?"

"त्यांना सवड मिळाली नाही."

सणाच्या आदल्या दुपारी क्लोतिल्दनं कांद्याच्या पातीचा खमंग टार्ट भाजला. लाँक्रींनी तो नुसताच चिवडला.

"ऑर्गन गेला तर मी कोण, क्लोतिल्द? आणि शेवट केला तर मी कुठे?"

"घरी पियानोवर करतोस की रोज शेवट. काही होतं का तुला?"

"पियानोवर कोणी मेलेलं नाही."

"माझी ब्लाँश मावशी मेली."

"वाजवत होती?"

"पुसत होती."

लाँक्रींनी ताट बाजूला सारलं. त्या दिवसापासून त्यांनी पियानोकडेही पाठ फिरवली असती, पण एवढं आयुष्य उरलं आहे का, याचीच त्यांना शंका होती.

सणाचा दिवस उजाडला. चर्च खच्चून भरलं. जिन्याच्या पायथ्याशी व्हॅसर उभा होता. रविवारचा कोट, नवी टाय, आणि कोटाचा एक खिसा जडपणानं लोंबत होता. "शुभेच्छा," तो म्हणाला. "नाव पूर्ण लिहायचं की आद्याक्षर चालेल?"

लाँक्री जीव मुठीत धरून वर गेले.

ऑर्गनवाल्याची पाठ वेदीकडे असते, म्हणून पट्ट्यांच्या वर एक आरसा असतो. त्या आरशात त्यांना खालचं सगळं इवलंसं दिसत होतं: बिशपांची जांभळी टोपी, फादर देल्फोस, पहिल्या रांगेत क्लोतिल्द, खांबाशी मादाम प्रुव्हो. मिस्सा संपली. बिशप उभे राहिले आणि त्यांनी आपल्या भरदार आवाजात चार सूर गाऊन दाखवले. एकाखाली एक, एकाखाली एक. तळघराचा जिना उतरावा तसे.

लाँक्रींच्या अंगावर काटा आला. याहून वरचे सूर साहेबांना सुचले नसते का?

त्यांनी सुरुवात केली. ते चार सूर त्यांनी उलटे केले, जिना चढवला. लांबवले, तुकडे केले, लहान मुलासारखे अंगणात खेळायला सोडले. पण कुठूनही फिरून आलं तरी सूर खालीच यायला बघत. पाय गार पडले होते. खळग्यातलं लाकूड मात्र ऊबदार होतं, जणू कोणीतरी नुकतंच उठलं होतं. की अजून उठलंच नव्हतं? लाँक्रींना वाटलं, आपण एकटे वाजवत नाही. डाव्या हातानं ते जे घेणार होते ते आधीच वाजत होतं. त्यांनी आरशात पाहिलं. फादर देल्फोस मनगटावरचं घड्याळ बोटानं ठोकत होते आणि हळूहळू कपड्यांच्या खोलीकडे सरकत होते. बटणाकडे.

एकदा उंबऱ्याशी येऊन लाँक्री मागे फिरले. दुसऱ्यांदा आले, फिरले. घाम डोळ्यांत उतरत होता. सातव्यांदा आले तेव्हा मागे फिरायला वाट उरली नव्हती. सगळं वाजवून झालं होतं. त्यांनी सगळ्या नळ्या उघडल्या, डोळे मिटले, दोन्ही हात आणि डावा पाय एकदम दाबला. अख्खं चर्च थरथरलं. खिडक्यांची काच किणकिणली.

मग त्यांनी हात उचलले. पाय उचलला.

सूर थांबला नाही.

सगळ्यात खालचा सूर, नुसता एकटा, घोंघावत राहिला. लाँक्रींनी डोळे उघडून खाली पाहिलं. त्यांचा पाय हवेत होता. मग दाबतंय कोण? त्यांची बोबडी वळली. त्यांनी दुसरा पाय पाहिला. तोही हवेत. आरशात गावानं माना खाली घातल्या होत्या. फादर देल्फोस बटणापाशी पोचून थबकले होते. मेलेल्या माणसाचा शेवटचा सूर बटण दाबून बंद करायचा कसा? बिशपांनी टोपी काढली. मादाम प्रुव्होंनी रुमाल काढला. आणि त्या घोंघावण्यातून लॅटिनमध्ये लाँक्रींना स्वतःचं नाव ऐकू आलं, मागे 'यांच्या आत्म्यास' असं लावून.

"मी आहे!" ते ओरडले. आवाज त्या सुरानं गिळून टाकला. त्यांनी गालाला चिमटा काढला. दुखलं. पण मेल्यावर दुखत नाही, असं खात्रीनं सांगणारा कोणी त्यांना भेटला नव्हता. उठायचा प्रयत्न केला तर गुडघे हलेनात, खळगा सोडेना. मग ते तसेच बसून राहिले, इतर तिघांसारखे. गाव खाली बसून राहिलं. बिशपांची गाडी चुकली. खिडकीतलं ऊन निळ्या काचेवरून लाल काचेवर गेलं आणि मग गेलंच.

शेवटी क्लोतिल्द उठली. ऑर्गन चालू असताना माँब्रईत कोणी खुर्ची सोडल्याची ही पहिली वेळ. "तंगडी जळतेय," ती बिशपांना म्हणाली, फादर देल्फोसना बाजूला सारून खोलीत गेली आणि तिनं बटण बंद केलं. सूर लांब सुस्कारा टाकून बसला. त्या शांततेत सज्जातून खोकल्याचा आवाज आला.

मादाम प्रुव्होंनी छातीवर क्रूसाची खूण केली. "तिसरे खोकले नव्हते," त्या म्हणाल्या.

नंतर ऑर्गन दुरुस्त करणारा आला आणि म्हणाला की ओलीनं लाकूड फुगलं, पट्टी अडकली, बाकी काही नाही. पण त्या संध्याकाळी हे कोणाला माहीत होतं? लाँक्री भिंत धरधरून जिना उतरले. तळाशी ठकठक चालू होती.

"जरा सरका, उजेड अडतोय," व्हॅसर म्हणाला. मग मान वर करून त्यानं पाहिलं. "अरेच्चा."

"मी जिवंत आहे, व्हॅसर."

"दिसतंय. पण दगडाला ते कसं कळणार?" चौथ्या पाटीवर पूर्ण नाव होतं आणि त्याखाली चालू वर्ष. "शब्द अजून राहिलेत. वर्ष मी आधी कोरतो, हात ताजा असतो तेव्हा."

"खोडा ते!"

"संगमरवर खोडत नाहीत, मस्यू लाँक्री. तुम्ही वाजवलेला सूर खोडता का?"

"अहो, पण ते खोटं आहे!"

"खोटं?" व्हॅसर दुखावला. त्यानं छिन्नी पुसून खिशात ठेवली. "दिवस कोरलाय का मी? महिना कोरलाय? नुसतं वर्ष आहे. ते संपायला अजून अवकाश आहे. माझा दगड आजवर खोटा ठरलेला नाही."

घरी क्लोतिल्दनं जळका भाग कापून तंगडी वाढली. "सुटलास ना एकदाचा?" ती म्हणाली. "केलास शेवट, काही झालं नाही. आता जेव." लाँक्रींनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. खाली अजून किती पानं होती, आणि त्यांतल्या प्रत्येक रविवारी फादर देल्फोस शेवट मागत बटणापाशी उभे राहणार होते. जेवण तसंच ठेवून, जिल्ह्याच्या प्रमुखाला, म्हणजे प्रीफेला, अर्ज लिहायला त्यांनी दौत पुढे ओढली.

"प्रति, मा. प्रीफे महोदय. विषय: चालू वर्ष समाप्त करण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती करण्यात येते की, चालू वर्ष हे सँ-फिर्मँच्या सणाच्या दिवशी सायंकाळी संपुष्टात आल्याचे आपल्या स्तरावरून जाहीर करण्यात यावे व उर्वरित महिने पुढील वर्षात वर्ग करण्यात यावेत. संपूर्ण प्रजासत्ताकासाठी हे शक्य नसल्यास, किमान माँब्रई चर्चच्या ऑर्गनच्या सज्जापुरते तसे आदेश द्यावेत. सदर आदेश येत्या रविवारच्या मिस्सापूर्वी प्राप्त व्हावेत, ही विनंती."