शुक्तिमानासाठी लावलेला कौल

सप्तखाडीचे राज्य मी एकेचाळीस वर्षांपूर्वी कागदावर वसवले. सात खाड्या, सात राण्या आणि त्यांच्यामधून एकट्याने गलबत हाकणारा तांडेल शुक्तिमान. सासरे म्हणाले होते, "रत्नागिरीस बसून नसलेल्या राण्यांची लग्ने लावता, ती वाचणार कोण?" लोकांनी कादंबरीचे अकरा भाग वाचले.

कोणी जगावे, कोणी मरावे, हे मात्र यजमान ठरवीत. हस्तलिखित वाचून चहाबरोबर निकाल देत. ते गेल्याला तीन वर्षे झाली. बाराव्या भागाचे शेवटचे प्रकरण तेव्हापासून कोरे होते. शुक्तिमान बुडाला तर मालिका संपते, आणि या घरात मी ज्याच्याशी रोज बोलते तो शेवटचा माणूसही जातो.

पुण्याहून प्रकाशकांच्या मृणालीचा फोन आला. "आजी, वाचक विचारतायत हो!"

"मी तुमची आजी नव्हे. निकाल लागल्यावर लेखन मिळेल."

निकाल देणारे कोणी उरले नव्हते. मी ग्रामदेवीच्या देवळात गेले. तिथे मूर्तीला पाकळ्या लावून प्रश्न घालतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"शुक्तिमानाला जाऊ द्यावे का, एवढे विचारा," मी सखाराम गुरवांना सांगितले.

"लय आजारी हाय?"

"पुस्तकातला आहे."

ते हसले नाहीत. "गाव?"

"सप्तखाडी."

"आपल्या सीमेत नाय ती. बरं, त्याचं माणूस कोण? परक्यासाठी कौल लावता येत नाय, वैनी."

अकरा भागांत मी त्याला आईबाप दिले नव्हते. "मी," मी म्हणाले. "माझ्या घरचा आहे."

त्यांनी गाऱ्हाणे घातले. उजवी पाकळी लगेच पडली.

दोन दिवसांत मी प्रकरण लिहिले, टपालात टाकले, मृणालीला फोनवर कळवले आणि देवळात गेले. सखारामांनी पायरीवरच अडवले.

"गेला?"

"गेला. खाडीत बुडाला."

"मग तुम्हांला सुतक हाय. देवीसमोर घरचा म्हणालात. दहा दिवस पायरी चढू नका."

मला आज्ञा करण्याची कोणाची प्राज्ञा नाही. तरी मी मुकाट्याने परतले. देव्हाऱ्यात दिवा लावला नाही. दुपारी सलिलचा, माझ्या मुलाचा, फोन आला. "आई, बारावा भाग संपला म्हणे! अभिनंदन!" मी आभार मानले. त्याला मीटिंग होती.

त्यानंतर सखारामांची बायको सगुणा झाकलेले ताट घेऊन आली. पिठलं-भात.

"आज चूल पेटवायची नाय तुम्ही. खावा आधी."

ती समोर बसून राहिली. मी दोन घास घेतल्यावर तिने हळूच विचारले, "पोहता येत नव्हतं काय त्याला?"

"उत्तम येत होते," मी म्हणाले. पुढचा घास हातातच राहिला.