थंडीत गोठलेली मेघवेणी

मी ‘मेघवेणी’ तेलाची बाटली बोलते आहे. माझ्या अंगावर चिकटवलेल्या कागदावर एक स्त्री उभी आहे. तिचे केस घोट्यापर्यंत उतरले आहेत आणि तिच्या पायाशी ‘केशवर्धक’ असा शब्द छापला आहे. ती स्त्री म्हणजे मी नव्हे आणि तो शब्दही माझा नव्हे. हे आरंभीच सांगितलेले बरे, कारण पुढचा सारा मनस्ताप त्या दोघांपायी झाला.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका मोठ्या पिंपात खोबरेल भरलेले होते. त्यातले काही साध्या डब्यांत गेले. काहीत हिरवा रंग आणि सुगंध मिसळून ते माझ्यासारख्या निमुळत्या गळ्याच्या बाटल्यांत ओतले गेले. डब्याची किंमत एक आणि आमची त्याच्या कितीतरी पट. सुगंधाला मी कमी लेखत नाही. त्याने मन प्रसन्न होते. तेलाने गुंता सुटतो, केस मऊ राहतात. एवढे काम मी मनापासून करते. मात्र गेलेला केस परत आणणे मला साधत नाही आणि माझ्या माहितीप्रमाणे त्या पिंपातल्या कुणालाच साधत नव्हते.

ज्या हिवाळ्यात आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच हिवाळ्यात मी रेल्वेने चांद्याला आले. नूर मोहम्मद नावाच्या मनिहारी सामानाच्या व्यापाऱ्याने मला विकत घेतले. तो बांगड्या, फण्या, आरसे घेऊन मोहर्लीच्या आठवडी बाजारात बसत असे. तिथे त्याच्या चटईवर मला डोमाने पाहिले.

डोमा हा जवळच्याच एका गावचा धानाची शेती करणारा तरुण. त्याच्या धाकट्या बहिणीला, रंभाला, भाद्रपदात मुदतीचा ताप आला होता. ताप उतरला आणि पुढे दिवाळीनंतर तिचे केस मुठीमुठीने गळू लागले. चांद्याच्या डॉक्टरांनी तिला तपासून सांगितले होते, की हे तापाच्या अशक्तपणामुळे आहे, काही महिन्यांत केस आपोआप येतील, पोरीला पोटभर खाऊ घाला, रोज दूध द्या. परंतु त्यांनी औषध दिले नाही, म्हणून डोमाचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. ज्या वैद्याने बाटली दिली नाही त्याला रोग समजलाच नाही, असे मानणारी माणसे मी पुष्कळ पाहिली.

“केस वाढते न ह्यानं?” डोमाने विचारले.

“तेल अच्छा आहे, भाऊ,” नूर मोहम्मद म्हणाला. “वास पाहून घ्या. पन केसाची जबान मी नाई देत.”

“मंग ह्या बाईचे एवढे लांब कायनं झाले?”

“तिले चित्रं काढनाऱ्यानं देल्ले. त्याच्या बापाचं काय जाते?”

आजूबाजूचे हसले. डोमाही हसला आणि त्याने मला विकत घेतले. व्यापाऱ्याचे खरे बोलणे त्याला थट्टा वाटले आणि कागदावरचे खोटे त्याला छापील म्हणून खरे वाटले.

घरी आल्यावर मला कळले, की माझ्यासाठी दिलेली रक्कम रंभाच्या दुधासाठी बाजूला काढलेली होती. दुसऱ्या दिवसापासून शेजारून येणारा दुधाचा लोटा बंद झाला. रंभाच्या गालांची हाडे वर आली होती, घराचा उंबरा ओलांडतानाही ती चौकटीला धरत असे. ती माझ्यातले चार थेंब तळहातावर घ्यायची, माझ्याकडे आशेने पाहायची आणि मला ओरडून सांगावेसे वाटायचे: बाई, मला खाली ठेव, तुझा लोटा परत मागव! काचेला तोंड असते, वाचा नसते.

घाईचे कारण निराळेच होते. रंभाचे लग्न मूल गावाकडच्या एका घरात ठरले होते. त्या घराण्याची रीत अशी, की कुंकवाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी होणारी सासू मुलीला पाटावर बसवून स्वतःच्या हाताने तिच्या डोक्यावर तेल घालते आणि वेणी घालते. गंगावन जोडून वेळ मारून नेता आली नसती. ते सासूच्या बोटांना लागलेच असते. ताप आल्याचे तर आईने आणि डोमाने त्या घरी कळूच दिले नव्हते. सोयरीक मोडेल ही धास्ती.

मार्गशीर्षातली ती सकाळ फार गार होती. मला पितळी ताटात कुंकवाजवळ ठेवले होते. विहीणबाईंनी रंभाच्या डोक्यावरचा पदर मागे सारला आणि त्यांचे बोट थबकले. भांगाच्या दोन्ही बाजूंना टाळू दिसत होती. तरी त्यांनी मला उचलून उपडे केले. थेंबही पडला नाही. मी आतून गोठले होते.

खोबरेलाचा तो स्वभावच आहे. थंडीत ते गोठते. पण या गावाने खोबरेल वापरलेच नव्हते. इथे डोक्याला जवसाचे नाही तर तिळाचे तेल लावत आणि ती तेले इथल्या थंडीत गोठत नाहीत. गोठते ते एकच: मोहाच्या बियांचे, म्हणजे टोरीचे तेल. शेजारची बुधरी दरसाल ते काढत असे. तिने मला हातात घेऊन हलवले.

“हे तं टोरीचं हाय!” ती म्हणाली. “ह्याचा घाना माह्या घरी हाय, मले कोन शिकवते? हिरवा रंग घालून इकलं मेल्यानं.”

विहीणबाईंनी हुंगून पाहिले. “वासावरून तं काईच समजत नाई, बाप्पा.”

समजणार कसे? खोबऱ्याचा वास कुणीही ओळखला असता. ज्या सुगंधासाठी माझी किंमत वाढली, त्यानेच माझी ओळख पुसून टाकली होती.

डोमाला मात्र वाट सापडली. “पाहा, विहीनबाई! ह्या खोट्या तेलानंच आमच्या पोरीचे केस गेले. नाई तं कमरेखाली वेनी होती. उद्याच्या बाजारात त्या नूर मोहम्मदाची चटईच उधळतो!”

आईने लगेच मान डोलावली. विहीणबाईंच्या कपाळावरची आठीही सैल झाली. खोटे सोयीचे होते. ते सगळ्यांना पुरले असते. एका माणसाचा बाजार उठला असता, एवढेच.

“दादा, नको,” पाटावरून रंभा म्हणाली. “केस तेलानं नाई गेले. मले मुदतीचा ताप आल्ता. तेल तं मागून आनलं.”

“तू चूप बस!”

“लग्न झाल्यावर समजलं असतंच न? मंग मले कोनं ठेवलं असतं?”

विहीणबाईंनी मला ताटात ठेवले.

“ताप आल्ता तं सांगाले काय झाल्तं?” त्या आईला म्हणाल्या. “दूध देता का पोरीले?”

आईने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यातच उत्तर होते.

विहीणबाईंनी कोनाड्यातले जवसाचे तेल मागितले, ते रंभाच्या डोक्यावर घातले आणि उरल्या केसांची बोटाएवढी वेणी घातली. कुंकूही लावले. पण उठताना म्हणाल्या, “लग्न वैशाखात नाई. पोरगी भरली म्हंजे पुढच्या साली पाहू.” रंभा वाकून त्यांच्या पाया पडली. नंतर ती चुलीपाशी जाऊन रडली. डोमाने बाजारात भांडण केले नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून दुधाचा लोटा मुकाट्याने सुरू केला. मला कोनाड्यात सारले गेले. तेव्हापासून माझे बूच कुणी उघडले नाही.

उन्हाळ्यात रंभाच्या टाळूवर धानाच्या पऱ्ह्यासारखे, कोवळ्या रोपांसारखे दाट, आखूड केस उगवले. मला वाटले, आता तरी प्रकरण मिटले. पण डोमा बाजारात सांगत सुटला, “तेल महाग होतं, पन कामाचं निघालं!” नूर मोहम्मद नको नको म्हणत राहिला आणि त्याच्या चटईवर मेघवेणी उरेनाशी झाली. हिवाळ्यात मी केस घालवले होते, उन्हाळ्यात मी केस आणले. दोन्ही वेळा मी जागची हलले नव्हते!

परवा बुधरी आली. तिच्या मुलीलाही ताप येऊन गेला आहे, केस गळत आहेत. मला टोरी म्हणणारी तीच बुधरी माझे नाव विचारू लागली. रंभाने मला कोनाड्यातून काढले, उजेडात धरले आणि बोटाने आतल्या तेलाची रेघ दाखवली.

“पाह्य, काकी. कुंकवाच्या दिवसापासून जशीच्या तशी भरली हाय. एक थेंब लावला नाई मी. पोरीले दूध दे.”

बुधरीने डोळे बारीक करून ती रेघ नीट पाहिली.

“बरीच उरली हाय की,” ती म्हणाली. “मंग दे न मले.”

आता मी बुधरीच्या फळीवर आहे. तिची मुलगी तळहात पुढे करून माझ्यासमोर उभी आहे. वाचकहो, सुगंध हवा असेल तर मला खुशाल न्या, मी तुम्हाला फसवणार नाही. पण त्या पोरीच्या हातात आधी लोटा द्या हो, मग बाटली.